पाच पौंड हवा

कोंडीभाऊंना केलेला पहिला नमस्कार नेहमी वाया जायचा. तुम्ही ज्या गाडीवरून आला असाल तिच्या मागच्या चाकाला ते आधी उजव्या पायाची टाच लावायचे, दाबून क्षणभर थांबायचे आणि मगच तुमच्याकडं बघून "या" म्हणायचे. हवा कमी असली तर आधी शिव्या, "या" नंतर. एकदा बँकेचे साहेब आले होते, त्यांनाही हाच क्रम. हवा मोजायचा गेज त्यांच्या खिशात असायचा, पण गेज आणि टाच यांच्यात फरक पडला की ते गेज बदलायचे.

पिंपरी पेंढारला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज आणि माझं गाड्यांच्या शिटा शिवायचं दुकान, मध्ये फक्त एक पत्रा. त्या पत्र्याला भोकं इतकी होती की त्यांच्या घरातलं आणि माझ्या घरातलं कुणाचंच काही लपून राहत नसे. ते माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. मला दिगू म्हणायचे. बुटका बांधा, दोरीनं कानामागं बांधलेला चष्मा आणि हात मात्र शरीराच्या मानानं मोठे. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून इंजिनाचा आवाज ऐकताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ उजव्या कानाला लावून डोळे मिटायचे. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलत राहिला तरी डोळे उघडायचे नाहीत. गिऱ्हाईक रागावून गेलं तर म्हणायचे, जाऊ दे, गाडी हितंच हाये.

आखातात बारा वर्षं काढून ते परत आले होते. नव्वद सालाच्या आसपास गेले तेव्हा गावात एक फोन होता, परत आले तेव्हा पोरांच्या खिशात मोबाईल दिसायला लागले होते. तिकडं वाळवंटात हौशी लोक चार चाकांच्या मोठमोठ्या मोटारसायकली वाळूच्या डोंगरांवर पळवतात, त्या गाड्या तयार करणं हे त्यांचं काम. इंजिनाची ताकद वाढवायची, स्प्रिंगा बसणाऱ्याच्या वजनाला लावायच्या, टायरातली हवा उतरवायची. याला ते "गाडी लावणं" म्हणायचे, जसं आपण तबला लावतो म्हणतो. तिकडचे चार-दोन शब्द त्यांच्या तोंडात राहिले होते. रस्त्यात म्हैस आडवी आली की हाकलताना तिला "यल्ला, यल्ला" म्हणायचे. आश्चर्य म्हणजे म्हैस सरकायची.

आखातातून येणारा माणूस काय आणतो ते आमच्याकडं सगळ्यांना पाठ होतं. टेपरेकॉर्डर, अत्तर, फुलाफुलांचं जाड ब्लँकेट. कोंडीभाऊंनी आणले चार टायर. रुंद, टक्कल पडल्यासारखे गुळगुळीत, मागच्या दोघांना आडव्या वल्ह्यांसारख्या पट्ट्या. हवा काढून, घड्या घालून, दोरीनं बांधून. त्यांच्याबरोबर कॉफीच्या बाटलीत भरलेली मूठभर वाळू. टायर त्यांनी ओट्यावर मांडले आणि बाटली बायकोच्या हातात दिली.

हौसाबाई वहिनींनी बाटली उन्हात धरून बघितली आणि विचारलं, "आपल्या नदीत कमी व्हती का?"

आता वहिनींचा राग समजून घ्यायला हवा. बारा वर्षं त्यांनी एकटीनं काढली. सासू-सासऱ्यांचं आजारपण, कांदा, गुरं, विहिरीची मोटार सगळं त्यांनीच बघितलं. कोंडीभाऊ दर अडीच वर्षांनी महिनाभर यायचे. एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला मात्र आले नाहीत. आलं ते पत्र. इथं सीझन जोरात आहे, गाड्या लावायच्या आहेत, माझ्यासाठी थांबू नका. लग्नात कन्यादान चुलत दिरानं केलं. कोंडीभाऊंची सगळी पत्रं तशीच असायची म्हणे. वाळूचे डोंगर कसे सोनेरी दिसतात, आज कुठलं इंजिन उघडलं, खाणं उत्तम आहे, तब्येत चांगली आहे. वाचणाऱ्याला वाटावं, माणूस जत्रेत आहे. वहिनींना तसंच वाटलं. त्यांच्या लेखी त्या गाड्या म्हणजे सवत होती, तीही एक नाही, शंभर.

आणि परत आलेल्या या गृहस्थानं वर्षभरातच ती सवत गॅरेजमध्ये बांधायला घेतली.

घोडेगावला एका निवृत्त कारकुनाच्या गोठ्यात जुन्या मोटारसायकलचं साडेतीनशे सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन गवताखाली पडलं होतं. ते त्यांनी आणलं, उघडलं आणि तीन महिने त्याच्याशी बोलत बसले. सांगाडा पाइपांचा, त्यांनी स्वतः वेल्डिंग केलेला. मागचा आक्स, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, नारायणगावच्या लेथवर घडवून घेतला, तोही दोनदा, कारण पहिल्या वेळी केसाएवढा वाकडा होता आणि तो वाकडेपणा लेथवाल्याला दिसत नव्हता. रेस हातानं पिळायची नाही, अंगठ्यानं दाबायची. मागं पुरुषभर उंचीची लवचिक काठी, तिच्या टोकाला लाल खणाचा तुकडा. हा झेंडा कुठल्या देवाचा, असं लोक विचारायचे. वाळूच्या टेकाडापलीकडून कोण येतंय ते अलीकडच्याला दिसावं म्हणून, ते समजावून सांगायचे. पिंपरी पेंढारात दुसरी अशी गाडी नव्हती, अलीकडं-पलीकडं कुणी येणार नव्हतं. पण काठी लागते म्हणजे लागते. कामात सूट देणं त्यांना जमतच नसे.

हवेतली वाळू इंजिनात जाऊ नये म्हणून फिल्टरवर चढवायला मऊ, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड हवं होतं. असं कापड घरात एकच, वहिनींचं जुनं लुगडं. मागायची हिंमत नव्हती, म्हणून मला पाठवलं. वहिनींनी लुगडं दिलं, पण देताना म्हणाल्या, आता अंगावरचं बी मागा म्हणावं गाडीसाठी.

एके दिवशी बघतो तर कोंडीभाऊ गाडीवर बाजरीचं पोतं ठेवून स्प्रिंगा लावतायत. पुढं स्वतः बसायचे, मागं पोतं. मला उठबस करून मोजायला लावायचे, मागची बाजू किती दबली. मग पोत्यातून दोन मापटी बाजरी काढायची, पुन्हा बसायचं. एक मापटं परत घालायचं. असं दोन दिवस. अशा गाडीवर एकच माणूस बसतो हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. मागं वजन आलं की चढावर पुढची चाकं उचलतात. तेवढ्यासाठी त्यांनी इंजिन चार बोटं पुढं सरकवलं होतं, बांधलेला सांगाडा कापून. मला म्हणाले, शीट लांब कर आणि मागल्या बाजूला रुंद ठेव, फोम चांगला घाल. मी विचारलं, मागं कोण? ते स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसले.

संध्याकाळी मी ती बाजरी गिरणीवर नेली. गिरणीवाल्यानं पोतं काट्यावर टाकलं आणि हसत म्हणाला, मागल्या आठवड्यात हौसावहिनी काट्यावर उभ्या राहिल्या होत्या, बरोबर तेवढंच भरलं बघ. त्या रात्री मी शिटेचा फोम काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याहून भारी घातला.

त्या काळात दुपारच्या चहाला ते एकदाच मोकळं बोलले. मी सहज विचारलं होतं, तिकडं टेकडीवर चढून गाडी मारताना कसं वाटायचं? ते म्हणाले, "म्या कुठं मारली? मिस्त्रीनं बसायचं नसायचं. आमी लावून द्यायची, सायबानं मारायची." बारा वर्षांत एकदाही नाही. वाळूच्या डोंगराच्या माथ्यावर ते कधी गेलेच नव्हते. पायथ्याला पत्र्याचा डबा होता, त्यात सहाजण झोपायचे, उन्हाळ्यात पत्रा हाताला चिकटायचा. आणि लेकीचं लग्न? पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मागितला, त्यानं दिला नाही. दोन महिने मागत होते. मी म्हटलं, अहो मग हे वहिनींना का नाही लिहिलंत? त्यांनी कपातला चहा संपवला, कप पालथा घातला. "लिवून काय? तिनं हितं एकटीनं रडायचं, म्या तिथं. त्यापरीस सोनेरी वाळू बरी."

गाडी तयार झाली, आता वाळूचा डोंगर हवा. आमच्या मुलखात खडक भरपूर, माती भरपूर, डोंगर तर पश्चिमेला आहुप्यापर्यंत हवे तितके. वाळूचा मात्र एकही नाही. तो वहिनींच्या भावानं शोधून दिला. त्यांचं माहेर घोडेगावच्या बाजूचं. तिथं कालव्याच्या कामासाठी ठेकेदारानं नदीकाठी वाळू साठवली होती. तिचा ढीग दोन मजली घराहून उंच झाला होता. कोंडीभाऊ मला बरोबर घेऊन बघून आले. वाळू मुठीत घेऊन, सोडून, पुन्हा घेऊन. येताना एसटीत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, पण खिडकीबाहेर बघून हसत होते.

रविवार ठरला. वहिनी यायला तयार झाल्या त्या भावाकडं जायचं निमित्त म्हणून. ते दोघं सकाळच्या एसटीनं पुढं गेले, मी टेम्पोत गाडी घालून मागून.

आता माझा पराक्रम. महिनाभर गॅरेजमध्ये ती गाडी ढकलायला सोपी जावी म्हणून टायर टणक असायचे. त्या सकाळी टेम्पोत चढवताना बघतो तर चारही टायर बसलेले, शिळ्या भाकरीसारखे. आदल्या संध्याकाळी माझं दुकान बंद झाल्यावर कोंडीभाऊंनी स्वतः हवा उतरवली होती, हे मला कुठलं ठाऊक? मला वाटलं, जुने टायर, हवा गळतेय. आमच्याकडं नव्या गाडीची पूजा करायची तर ती कशी दिसायला हवी? धुतलेली, पुसलेली आणि चाकं टणाटण. मऊ चाकाखाली लिंबू ठेवणार तरी कसं? मंचरला पंपावर थांबलो आणि चारी चाकांत हवा मारून घेतली. तीस पौंड. वर टिचकी मारून आवाजही बघितला. मोठं काम केल्याच्या समाधानात मी पुढं निघालो.

ढिगापाशी वहिनींचं सगळं माहेर जमलं होतं. हळदी-कुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. कोंडीभाऊ नव्या पांढऱ्या शर्टात, पूजेसाठी अनवाणी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चाकाला टाच लावली नाही. ते चाकाकडं बघतच नव्हते. ते वहिनींकडं बघत होते. म्हणाले, आधी मी एकटा वर जाऊन येतो, मग तू बस.

इंजिन काय बोललं म्हणून सांगू. झाडावरचे बगळे उठले. गाडी सुसाट ढिगाला भिडली, पंधरा-वीस फूट चढली आणि मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. टणक टायर वाळूवर पसरत नाही, तो वाळू खणतो. हे मला आता कळतं. मागं उभ्या असलेल्या सगळ्या माहेरावर वाळूची आंघोळ झाली. दोन मिनिटांत गाडी आक्सापर्यंत रुतली, इंजिन घुसमटून बंद पडलं आणि झेंड्याची काठी तेवढी हलत राहिली.

कोंडीभाऊ उतरले. अनवाणी टाच त्यांनी मागच्या चाकाला लावली. मग मान वळवून गर्दीत नेमकं माझ्याकडं बघितलं. ते एवढंच बघून वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपली वाळू जाड हाये, राव. तिकडली मैद्यावानी. अंदाज माझाच चुकला."

वहिनींनी पदरावरची वाळू झटकली. "बारा वर्सं ह्येच शिकला व्हय?" त्या म्हणाल्या आणि भावाच्या घराकडं चालायला लागल्या. मागं वळून बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत कोंडीभाऊंनी विचारलं, हवा तू भरली का? मी हो म्हटलं. किती? तीस. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, पाच पायजे व्हती. रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, घरी सांगू नको, वहिनी तुला बोलंल. मंचरला चहा पाजला, त्याच पंपासमोर.

मग गाडीवर ताडपत्री पडली. मी दोनदा म्हणालो, पुन्हा जाऊ. ते म्हणायचे, बघू. पत्र्याच्या पलीकडून बोलणं बंद झालं होतं. काम करायचे, पण गिऱ्हाईक आलं की आता आधी "या" म्हणायचे. टाच लावायचीच विसरायचे. ते बघून माझं चित्त थाऱ्यावर राहिना. एका माणसानं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी केली होती आणि ती मी तीस पौंड हवा घालून बुडवली होती.

पंधरा दिवसांनी, ते आळेफाट्याला गेलेले बघून, मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हवा मी भरली. त्यांचा अंदाज चुकला नव्हता, वाळू जाड असल्यानं काही बिघडत नव्हतं. त्यांनी मला वाचवायला स्वतःवर घेतलं. वहिनी सोलायच्या थांबल्या.

"चारचौगात माझ्या भावाम्होरं मान खाली घातली, ती तुमच्यापायी?"

मी हो म्हटलं. आणि मग, सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो तेही सांगून टाकलं. मिस्त्रीला गाडीवर बसायची बंदी होती ते. पत्र्याचा डबा. पासपोर्ट, दोन महिने मागितलेला. बाजरीचं पोतं.

वहिनी सोललेला लसूण एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिल्या. मग आत गेल्या आणि मला वाटलं आता दार लावतील. बाहेर आल्या तेव्हा हातात ती कॉफीची बाटली होती. देव्हाऱ्यातल्या कुंकवाचं बोट झाकणाला लागलेलं होतं, म्हणजे ती कुठं ठेवलेली असायची ते मला कळलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "म्या बारा वर्सं त्येंच्यावर रागावून काढली. राग व्हता म्हणून दिस निघाले. आता ह्यो राग कुठं ठिवू?"

मी ओट्यावरची लसणाची टरफलं गोळा केली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वहिनी गॅरेजमध्ये आल्या. तोवर त्यांनी तिथं पाऊल टाकलेलं नव्हतं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. कोंडीभाऊ एका ट्रकखाली झोपून काम करत होते. वहिनींनी त्यांच्या पायाला पायानं ढोसलं आणि म्हणाल्या, "अवं, उठा. ती गाडी टेम्पोत घाला."

ते ट्रकखालून बाहेर आले. आधी वहिनींकडं बघितलं, मग पत्र्याच्या भोकातून माझ्याकडं. त्यांना सगळं समजलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यांनी हात पुसले आणि ताडपत्री ओढली.

या खेपेला नारळ नाही, लिंबू नाही, माहेर नाही. आम्ही तिघं, टेम्पोवाला आणि दुपारचं ऊन. कोंडीभाऊ चाकांपाशी उकिडवे बसले, काडीनं वॉल्व्ह दाबून हवा सोडत राहिले. सुस्स आवाज, टाच. पुन्हा आवाज, पुन्हा टाच. चारी चाकांना. गेज खिशातच होता, काढला नाही. मग पुढं बसले. वहिनी दोन्हीकडं पाय टाकून मागं बसल्या, नऊवारीनं ती सोय होतीच. त्या बसल्या आणि गाडीची मागची बाजू जेवढी दबायला हवी तेवढी दबली, बोटभरही जास्त नाही. ते बघून मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

गाडी यावेळी धावली नाही, चढली. चाकं वाळूवर पसरली आणि ती न थांबता वर गेली, पुढचं एकही चाक न उचलता. माथ्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. खालून मला लाल खण दिसत होता, दोघांच्या पाठी दिसत होत्या. बराच वेळ ते तिथंच होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि कोंडीभाऊ बाहीनं डोळे पुसत होते. डोळ्यांत वाळू गेली असेल, असं मी तेव्हा टेम्पोवाल्याला म्हणालो.

खाली आल्यावर वहिनी मला एवढंच म्हणाल्या, भावजी, शीट ब्येस झालीय.

पुढं वर्षभरात ढीग कालव्याच्या कामात संपला. ठेकेदार गेला, नदीकाठ पुन्हा सपाट झाला. गाडी विकत मागायला पुण्याहून माणसं येऊन गेली. कोंडीभाऊ चाकाला टाच लावून बघायचे आणि सांगायचे, ही दोघांच्या वजनाला लावलेली हाये, तुमच्या कामाची न्हाई. नंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, मग हृदयानं. गॅरेज भाड्यानं दिलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्यांच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली. गाडी तिथं उभी होती, आरामखुर्चीसारखी. पुढं कोंडीभाऊ हँडलवर हात टाकून बसलेले, मागं वहिनी, मांडीवर परात, वाल सोलत. इंजिन बंद. त्यांची रोजची सकाळ अशीच जाते, असं वहिनी म्हणाल्या. कोंडीभाऊ खूप वाळले होते. मी नमस्कार केला. माझी स्कूटर चार पावलांवर होती, तिच्याकडं त्यांनी बघितलं, पण उतरून टाच लावायचं बळ नव्हतं.

"दिगू," ते म्हणाले, "हवा बग जरा."

मी स्कूटरकडं वळलो.

"तिची न्हाई. हिची."

मी मागच्या चाकाला टाच लावली, त्यांच्यासारखी, दाबून क्षणभर थांबलो. चाक टाचेखाली मऊ दबलं. वहिनी सोलायच्या थांबून माझ्याकडं बघत होत्या.

"किती हाये?" कोंडीभाऊंनी विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ दे."